डाव्या बाजूचा पाटा

गाडी डावीकडे ओढते, असे बाबांचे म्हणणे होते. बाबांचे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत, असे दादाचे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, ही शक्यता घरात कोणी मांडली नाही. मीही नाही. वाद गाडीच्या चावीचा होता आणि चावी एकच होती.

आमचे घर पार्शात, म्हापशाहून कोलवाळचा पूल ओलांडला की लागते त्या गावात. थोडी माडांची जागा, मागे डोंगरावर काजू. बाबांनी उमेदीची सगळी वर्षे डिचोलीच्या खाणपट्ट्यात काढली. खाणीपासून नदीवर बार्ज लागतात त्या धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक न्यायचा, रिकामा परत आणायचा. खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांच्या वयाचे बरेच जण घरी बसले. बाबा बसले नाहीत. त्यांनी जीपच्या घडणीची एक जुनी डिझेल गाडी घेतली. पुढे दोन आसने, मागे समोरासमोर दोन बाकडी. तिच्यातून ते शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नारळ नेत. मे महिन्यात काजूच्या बिया. बाकीचे दिवस वाड्यावरच्या कोणालाही, कशासाठीही. बाळंतीण, मोडलेला पाय, लग्नाची भांडी, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळांची माटोळी. कोणी हाक मारली की ते आपल्या खुर्चीवरून, कदेलीवरून उठत, दारामागच्या खिळ्यावरची चावी काढत आणि निघत. कुठे जायचे आहे हे बहुतेक वेळा गाडीत बसल्यावर विचारत.

गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्यात दोन बदल करून घेतले. काजूच्या डोंगरावर जाणारी वाट दगडांची, म्हणून पुढचा भाग उचलून घेतला. आणि मागे, डाव्या चाकावर, एक पाटा वाढवला.

पाटा म्हणजे पोलादाची वाकवलेली पट्टी. अशा पट्ट्या एकावर एक रचून त्यांच्यावर गाडीचा मागचा भार ठेवलेला असतो. दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात हे कोणालाही कळते. पण खाणपट्ट्यातला रस्ता मधोमध उंच आणि डाव्या कडेला गटाराकडे उतरता असतो. खनिजाने भरलेला ट्रक दिवसभर त्या उतारावरून गेला की त्याचे डावे अंग हळूहळू बसते. म्हणून तिथले ट्रकवाले डाव्या बाजूला एक पाटा जास्त घालत. नवा ट्रक आला की आधी नारळ, मग पाटा. बाबांनी आयुष्यात चालवलेल्या प्रत्येक ट्रकला तो होता. या गाडीत खनिज कधी भरले जाणार नव्हते, पण गाडी म्हटली की डावीकडे पाटा हवा, हे त्यांच्या लेखी चाकाला हवा लागते इतके उघड होते.

ओढ कधी सुरू झाली, हे नक्की सांगता येत नाही. बाबा म्हणत, टायर बदलल्यापासून. ती सुरुवातीपासूनच असावी आणि टायर झिजल्यावर जाणवू लागली असावी, असे मला आता वाटते. पुढच्या डाव्या टायरची एकच कड खाल्ली जात होती. बाबा स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून चालवत. शेजारी बसलेल्याला ते दिसत नसे. त्यांनाही बहुधा जाणवेनासे झाले होते.

मग एका सकाळी, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल वळणावर आली म्हणून त्यांनी तिला जागा दिली आणि गाडी आमच्याच आवाठातल्या, म्हणजे आळीतल्या, गडग्याला घासली. गडगा म्हणजे रचलेल्या चिऱ्यांचा बांध. चार चिरे पडले, दिवा फुटला, डावा पत्रा चेपला. पोदेराला काही झाले नाही. त्याने उतरून चिरे उचलायला मदत केली आणि पुढच्या घरी जाऊन सगळे सांगितले.

दादा सरकारी कचेरीत आहे. तो रोज मोटरसायकलने पणजीला जातो आणि घरीही कचेरीतली मराठी बोलतो. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, आता पुरे करा. तुमचं वय झालं."

"वय गडग्याचा झाला. माझ्या आज्यान रचलेलो तो."

"मी गंभीरपणे बोलतोय."

"मियाय. गाडी वढता. डाव्यान वढता. तू एकदा चालवन बघ."

दादाने चालवून बघितली. चर्चपर्यंत गेला आणि परत आला. "थोडी ओढते. पण ती सांभाळता येते. सांभाळता आली पाहिजे."

आईने तिच्या पद्धतीने तोडगा काढला. देवळात गाऱ्हाणे घालून घेतले, आणि गडगा पडला तिथे वाटेवरच्या राखणदार देवाला नारळ दिला. भटजींपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगितले की गाडीला कोणाची तरी नजर आहे. बाबा आईला म्हणाले, "नारळ दिलंस तां बरा केलंस. पण राखणदार काय उजव्यान ढकलूचो ना."

मी पणजीत एका वर्तमानपत्रात काम करते. रविवारी घरी जाते. त्यामुळे दोन्ही बाजू मला वेगवेगळ्या आणि पूर्ण ऐकायला मिळत. दादा मला मागच्या अंगणात नेऊन सांगे की बाबांना संध्याकाळी नीट दिसत नाही, ते मान्य करत नाहीत, उद्या कोणाचे लेकरू गाडीखाली आले तर पोलीस त्याला बोलावतील. बाबा मला नारळ सोलता सोलता सांगत की दादाला गाडी हवी आहे. "मोटरसायकलीर पाठ दुखता म्हणता. मगे सरळ माग. हात कित्याक काढतंस माझे?" दोघांच्याही बोलण्यात मला खोटे काही सापडले नाही.

पहिली तपासणी म्हापशात झाली. काचेचे दरवाजे, पांढरी फरशी, भिंतीवर मोठा पडदा असलेली जागा. चाकांना चकत्या लावल्या, पडद्यावर आकडे आले, लाल होते ते हिरवे झाले. तिथल्या गणवेशातल्या माणसाने छापील कागद दिला आणि म्हणाला, "आता परफेक्ट. कंपनीच्या मापात." बाबांनी विचारले, "पाटो वाढवललो आसा. गाडी उचललली आसा. तां धरलास मा?" तो म्हणाला, "काका, मशीन सगळं धरतं."

परतताना कोलवाळच्या पुलाच्या अलीकडेच बाबा म्हणाले, "वढता."

दादाने तो हिरवा कागद देवघराच्या बाजूला, पंचांगाच्या खाली खोचून ठेवला. त्यानंतर वाद राहिला नाही, कारण दादाच्या हाती पुरावा होता. गाडी परफेक्ट आहे, असे यंत्र म्हणत होते. मग ओढते कोण? बाबा "गाडी वढता" म्हणाले की दादा पंचांगाकडे बघे. एकदा त्याची मुलगीही तशीच बघून हसली. त्या शुक्रवारी ते बाजाराला गेले नाहीत. नारळ अंगणात तसेच पडून राहिले. सकाळी शेजारचे आजोबा पोटात दुखते म्हणून हाक मारायला आले, तर बाबा म्हणाले, रिक्षा सांगा. हे मी प्रत्यक्ष पाहिले नाही, आईने फोनवर सांगितले. तिचा आवाज नजरेबद्दल बोलतानाचा नव्हता.

रविवारी मी दोघांना समोरासमोर बसवले. अट अशी ठरली: आणखी एकदा, बदल केलेल्या गाड्यांचे काम ज्याला कळते अशा माणसाकडून गाडी तपासायची. त्यानंतरही ती ओढते असे बाबा म्हणाले, तर चावी दादाची. ओढायची थांबली, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. दादा म्हणाला, "मान्य." बाबा म्हणाले, "डिचोलीक जाव्या." आणि मग, उठता उठता, "थंय एक आसा. तोंडाचो घाण आसा. पण आसा."

तोंडाचा घाण माणूस मूळचा दोडामार्गच्या बाजूचा. त्याच खाणपट्ट्यात बाबांच्या पुढे-मागे ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्यावर त्याने खनिजाच्या रस्त्यालगत गॅरेज काढले. आता तो डोंगरात पळवायच्या गाड्या उचलून देतो, शहरातल्या पोरांच्या गाड्या खाली बसवून देतो आणि मग चाके जुळवतो. आम्ही आत शिरलो तेव्हा तो एका गाडीखालून बोलत होता. बाहेर आला, बाबांना बघितले आणि ओरडला, "अरे! अजून जितो आसंस?"

"तुझ्या कृपेन न्हय."

"आणि ह्या काय हाडलंस? गाडी काय गाढव?"

"गाढवाक गाढव बघूक हाडलां."

तो हसला आणि माझ्याकडे वळला. माझा चेहरा आईचा. "चेडू तुझा? आवशीर गेला म्हणान बरा दिसता."

त्याच्याकडेही म्हापशासारखेच यंत्र होते, पडदा थोडा लहान. तो त्याच्याजवळ गेला नाही. त्याने गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत लाल धुळीवर पाणी शिंपडले आणि बाबांना गाडी सरळ पुढे न्यायला सांगितली. मग मला बोलावून जमीन दाखवली. पुढच्या चाकांच्या खुणा आणि मागच्या चाकांच्या खुणा एकमेकांवर पडत नव्हत्या. मागची जोडी खेकड्यासारखी एका बाजूला सरकून चालली होती.

"बघितलंस? कुर्ली झाली गाडी. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे."

बाबा उतरून खुणा बघत राहिले. मी म्हापशाच्या हिरव्या आकड्यांबद्दल विचारले.

"त्यांनी काय एक चुकीचा करूक नाय," तो म्हणाला. "फुडची दोन चाकां कंपनीच्या मापात बसयली. पण कंपनीची गाडी खंय हा? ही ह्येच्या मनची गाडी. उंची बदलली की चाकांचो कल बदालता, मगे कंपनीचो आकडो घेवन काय करूचा? आणि मागची चाकां तर त्यांनी मापूकच नाय. वाकडा सगळा मागे आसा."

वाकडे का, हे त्याला गाडीखाली शिरल्यावर कळले. डाव्या बाजूला वाढवलेला पाटा नीट बसला नव्हता. सगळे पाटे एकत्र धरणारी मधली पिन आपल्या खाचेत गेली नव्हती, त्यामुळे मागचा अख्खा एक्सल डावीकडे थोडा पुढे, उजवीकडे थोडा मागे राहिला होता. शिवाय रिकाम्या गाडीत ते अंग उचललेले, त्यामुळे पुढच्या उजव्या चाकावर भार जास्त. त्याने खालूनच निर्णय सांगितला, "हो पाटो काढूचो लागतलो."

"पाटो काढूचो ना," बाबा म्हणाले.

"मगे वढतली."

"नीट बसय. पिन खाचेत घाल. पाटो रवतलो."

"एका अंगाक पाटो ठेवन मी चाकां जुळवचंय नाय. माझा नाव वायट करूचा नाय माका."

"डाव्यान पाटो नसलो तर गाडी कलतली."

तो गाडीखालून बाहेर आला. हात पुसले. "कलतली, भरल्यार. काय भरतंस तू?"

"नारळ."

"नारळ! खनिज भरतंस काय? खाण बंद झाली रे. सगळ्यांक सांगलां. तुझ्या गाडयेक कोण सांगतलो?"

बाबा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. खनिजाचे ट्रक चालत तेव्हा रस्त्यालगतच्या घरांच्या भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत लाल असत. त्या वेळच्या बातम्यांत आम्ही धुळीबद्दल लिहीत असू. आता भिंती रंगवलेल्या होत्या, गटार साफ होते आणि बहुतेक दुकानांची दारे ओढलेली होती. बाबांनी नकार दिला असता तर आम्ही तशीच गाडी घेऊन परत गेलो असतो आणि रात्रीच्या जेवणाआधी चावी दादाकडे गेली असती. हे त्यांना माहीत होते. पाटा ठेवायचा तर चावी जाणार होती. चावी ठेवायची तर आयुष्यभर सगळ्या गाड्यांना जो पाटा घातला, तो या गाडीला नको होता, हे या माणसासमोर मान्य करायचे होते.

"काढ," ते म्हणाले.

मग काम झाले. पाटा निघाला, पिन खाचेत बसली, एक्सल काटकोनात आला. पुढची उंची तशीच ठेवायची असे बाबांनी सांगितले, वाट दगडांचीच होती. त्याने ती कबूल केली, पण दोन्ही बाजूंना मोजपट्टी धरून सारखी करून घेतली. जुने झालेले दोन सांधे बदलले. नंतर म्हणाला, "आता भरा."

मला वाटले, मस्करी करतो आहे. तो म्हणाला, गाडी जशी रोज चालते तशी ती मापायची असते. रिकामी मापली तर रिकामीच सरळ चालेल. "नारळ खंय?" बाबांना हे ठाऊक असावे, कारण नारळांची पोती त्यांनी सकाळीच मागे टाकली होती आणि मी ती बाजारची समजले होते. ते चालकाच्या जागी बसले. शेजारी एरवी कोण बसते, असे त्याने विचारले. आई, असे बाबांनी सांगितले. "बायल नाय हाडूक? मगे बाय, तू बस. आणि हलू नको. बापाशीसारख्या वळवळू नको."

आम्ही दोघे यंत्रावर चढवलेल्या गाडीत शेजारी शेजारी, समोर बघत बसून राहिलो. खाली पाने फिरत होते. बाबांचे हात स्टिअरिंगवर होते, त्याने ते सोडायला सांगितले तेव्हा मांडीवर ठेवले. मी त्यांचे हात त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. थरथरत नव्हते. दादाच्या म्हणण्याची नोंद घ्यायची तर उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नव्हती.

पडद्यावर या वेळी सगळे आकडे हिरवे झाले नाहीत. एक पिवळा राहिला. "रवांदे," तो म्हणाला. "तो कंपनीचो हिरवो. तुमचो ह्योच."

त्याने आम्हाला मागे बसवून गाडी बाहेर काढली. खनिजाच्या रस्त्यावर, जिथे पूर्वी ट्रकांची रांग लागे तिथे, वेग धरला आणि दोन्ही हात वर केले. गाडी सरळ गेली. पहिल्या वळणापर्यंत सरळ गेली. बाबा बाकड्यावर पुढे झुकून, दोन आसनांच्या मधून समोर बघत होते.

"वढता?" त्याने विचारले.

"ना," बाबा म्हणाले. आणि मला, "दादाक फोन कर. आत्ता."

मी फोन केला. दादा म्हणाला, "ठीक आहे. घरी या, बघू."

निघताना त्याने काढलेला पाटा बाबांच्या पायाशी टाकला. "घेवन जा. कोयतो तरी जातलो." आमच्याकडे चांगला कोयता ट्रकच्या पाट्याचाच करतात. बाबांनी तो नारळांवर ठेवला.

परतीच्या वाटेवर बाबा बोलत होते, जे ते गाडी चालवताना कधी करत नाहीत. पहिला ट्रक, त्याचा मालक, धक्क्यावरचा चहा. अस्नोड्यापर्यंत मला काही वेगळे जाणवले नाही. नंतर गाडी एकदा रस्त्याच्या मध्याकडे गेली. खड्डा चुकवला असेल असे वाटले, पण खड्डा नव्हता. पुन्हा गेली. बाबांनी तिला डावीकडे घेतले आणि बोलणे थांबवले. मी विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "काय ना."

काय झाले होते ते आता सांगता येते. त्यांचे हात अजून ओढ सांभाळत होते. इतका काळ जी गाडी डावीकडे जात होती तिला ते उजवीकडे धरून सरळ ठेवत आले होते. आता ओढ गेली होती, हात तसेच होते. ते सरळ समजून धरत होते तेव्हा गाडी उजवीकडे जात होती.

कोलवाळच्या पुलाआधीच्या वळणावर समोरून बस आली. आमची गाडी तेव्हा पांढऱ्या रेषेच्या पलीकडे होती, थोडी, पण पलीकडे. बसचा हॉर्न वाजला. बाबांनी गाडी डावीकडे खेचली, डावे चाक गटाराच्या कडेला उतरले, पोत्यांतून नारळ पुढे घरंगळत आले आणि पाटा माझ्या आसनाच्या पाठीवर आदळला. बस थांबली नाही. कंडक्टर दारातून वाकून मागे बघत होता. तो आमच्या वाड्यावरचा होता.

कोणाला लागले नाही. बाबा उतरले. चाक बघितले, टायर बघितला, गाडीच्या मागे जाऊन रस्त्यावरच्या खुणा बघितल्या. त्या एकमेकांवर पडल्या होत्या. मग ते दार धरून उभे राहिले.

"गाडी सरळ आसा," ते म्हणाले.

घरापर्यंत त्यांनीच चालवली. अगदी हळू, आणि त्या पुढच्या वाटेत एकदाही चुकले नाहीत. हे मी घरी गेल्यावर दोनदा सांगितले. कोणी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. कंडक्टरचा फोन आमच्या आधी पोचला होता. दादा अंगणात उभा होता, आई सोप्यावर, वहिनी दारात.

"बाबा, चावी," दादा म्हणाला.

मी मध्ये बोलले. हाताला सवय झाली आहे, ती मोडायला थोडे दिवस लागतात, डोंगरावरच्या रिकाम्या माळावर, सड्यावर, सकाळी फिरवली तर आठवड्यात जाईल. गाडी ओढत होती हे सिद्ध झाले आहे, अटीप्रमाणे बाबा जिंकले आहेत.

"गाडीबद्दल मी काही बोलतच नाही," दादा म्हणाला. "गाडी ओढत होती. मान्य. म्हापशाचा कागद मी फाडून टाकतो, चालेल? पण आज गाडी ओढत नव्हती ना? मग बसच्या अंगावर कोण गेलं?"

त्याला उत्तर होते, मी ते आत्ताच दिले होते. पण प्रश्न जास्त चांगला होता. वर्तमानपत्रात असा मथळा मी घेतला असता.

"त्या बशीत माणसां होती गो," आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, बाबांकडे बघत नव्हती. "देयात ती चावी."

बाबांनी चावी दादाच्या पुढे केलेल्या हातात दिली नाही. ते आत गेले, दारामागच्या खिळ्यावर ती नेहमीसारखी अडकवली, पाय धुतले आणि कदेलीवर बसले. दादाने ती खिळ्यावरून काढून घेतली. तो खिळा अजून आहे. त्याला आता छत्री असते.

सड्यावर फिरवायचे मी दोन-तीनदा सुचवले. दादा म्हणाला, "बघू, पाऊस जाऊ दे." पाऊस गेला. मी डिचोलीच्या त्या माणसाला फोन करून झाले ते सांगितले. तो म्हणाला, "हाताचा सांगूक होया होता. सगळ्यांचाच तसा होता. भांडणात विसारलंय." नंतर त्याने विचारले, "पण गाडी कशी चलता?"

गाडी उत्तम चालते. दादा रोज तिने पणजीला जातो. टायर दोन्ही बाजूंनी सारखे झिजतात, असे तो सांगतो, आणि बाबांसमोरही सांगतो, कौतुक म्हणून. आई शेजारणींना सांगते की नारळ दिला, नजर गेली. शुक्रवारचे नारळ आता एक टेम्पोवाला घेऊन जातो. वाड्यावरचे लोक हाक मारायला आले तर दादा घरात असला तर जातो, तो बहुधा नसतो. काही दिवस लोक तरीही येत राहिले. बाबा कदेलीवरून उठत, दारामागे बघत आणि रिक्षा सांगा म्हणत. मग लोक यायचे थांबले. पाट्याचा त्यांनी लोहाराकडून कोयता करून घेतला. चांगला झाला आहे.

गेल्या महिन्यात सगळे फोंड्याला देवदर्शनाला गेलो. दादा चालवत होता. बाबा त्याच्या शेजारी, डाव्या आसनावर. मागे आई, वहिनी, दादाची मुलगी आणि मी. गाडी नेहमीपेक्षा भरलेली होती आणि डावीकडे किंचित कलली होती. बाबांनी ते बसतानाच बघितले होते, बोलले नव्हते. रस्ता सरळ आणि मोकळा लागला तेव्हा दादाला काय वाटले कोण जाणे. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकते. त्याला बाबांना बरे वाटायला हवे होते.

"बघा बाबा," तो म्हणाला, "हात सोडले तरी सरळ जाते."

बाबा समोर बघत होते.

"मगे तुझीय गरज ना," ते म्हणाले.

दादाने हात परत स्टिअरिंगवर ठेवले.